जानेवारीची सरासरी एकवीस

मी कर्जतच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. रेल्वेवालं कर्जत वेगळं. आमचं नगर जिल्ह्यातलं, ज्वारीचं आणि उन्हाचं. नववीला हवामानाचा धडा आला की मी फळ्यावर दोन तक्ते काढतो. एक आमच्या भागाचा, दुसरा कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावाचा. बारा महिने आणि बारा सरासरी तापमानं. आमचा आलेख मेमध्ये डोंगर चढतो आणि डिसेंबरात खाली घसरतो. त्या गावाचा आलेख पंचवीस आणि तीसच्या मधून इतका सरळ जातो की मुलं विचारतात, "सर, पट्टी ठेवून काढला का?"

त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही. जे केलं ते माझं मीच केलं.

वीस-बावीस वर्षं हा तक्ता शिकवता शिकवता मी त्या गावाच्या प्रेमात पडलो होतो, आणि समुद्र मात्र एकदाही पाहिला नव्हता. तरी मुलांना रंगवून सांगायचो. तिथं स्वेटर नाही, रजई नाही, दुपारी दारं लावून बसणं नाही. जे कपडे जानेवारीत तेच मेमध्ये. एकदा जोरात येऊन मी असंही म्हणालो होतो, की हवा सम असल्यामुळे तिथल्या माणसांचे स्वभावसुद्धा शांत असतात. हे कुठल्याही पुस्तकात नाही. पण वर्गात मला अडवणार कोण?

माझी मुलगी पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला घरी आली आणि भाऊबीज झाल्यावर तिच्या आईनं मला पडवीत बसवलं.

"पोरीला तुमच्याशी बोलायचंय. पहिल्यांदा सगळं ऐकून घ्या. मदी तोंड घालू नका."

मुलगी समोर पाटावर बसली. तिनं सगळी तयारी केली होती. ऑफिसातला मुलगा, वय अमुक, पगार इतका, व्यसन नाही, दोघांची चार वर्षांची ओळख. मी नाही म्हणालो तर काय बोलायचं हेसुद्धा मायलेकींनी ठरवून ठेवलं असावं, कारण बायको दाराला टेकून पदर खोचून उभी होती.

मला खरं तर एवढंच विचारायचं होतं, की तो तुला नीट वागवतो ना? तू सुखात राहशील ना? पण असलं काही विचारायची मला सवय नाही. मी विचारलं, "गाव कोणतं?"

तिनं गाव सांगितलं आणि मी जागचा उठलोच.

बायकोला वाटलं, झालं, आता हे बोंबलणार. मी आत जाऊन ॲटलास घेऊन आलो. पान उघडून मुलीसमोर धरलं आणि म्हणालो, "हे बघ. वार्षिक कक्षा फक्त चार-पाच अंश. तुला आयुष्यात उन्हाळा लागणार नाही!"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "आम्ही पुण्यातच राहणार आहोत."

"असू दे. सासर तर तिथं आहे."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. चार वर्षं जी गोष्ट सांगायला मुलगी घाबरत होती, ती तापमानाच्या तक्त्यावर पाच मिनिटांत मंजूर झाली. जात, पत्रिका, नातेवाईक काय म्हणतील, यातलं मी काहीच विचारलं नाही. पुढं गावात लोक माझं कौतुक करायचे, की सर लई सुधारलेले. मी ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचो.

मुलाच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवायचा त्यांचा धंदा. माणूस मोकळा, बोलण्यात गोड. आधी फोनवरच बोलणी सुरू झाली आणि असं ठरलं, की त्यांनी जानेवारीत हुरड्याला कर्जतला यावं, घर बघावं, मग पुढचं ठरवू. येण्याच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला.

"सर, तुमच्याकडे थंडी असते का हो? हिचे गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही. तसं गरम कपडे काही घ्यायला लागतील का?"

सरळ प्रश्न होता. रजई, स्वेटर, कानटोपी, सगळं आणा, असं सांगायला दहा सेकंद लागली असती. पण मला वाटलं, इतकी वर्षं ज्या गावाविषयी शिकवलं तिथला माणूस मला हवामान विचारतोय. मी खुर्चीत ताठ बसलो.

"असं बघा, तुमच्याकडची जानेवारीची सरासरी पंचवीसच्या आसपास. आमच्याकडची एकवीस. म्हणजे फरक चारच अंशांचा. आणि वर्षाची सरासरी काढली तर तुम्ही आम्ही जवळजवळ सारखेच."

"असं होय! बरं झालं विचारलं. मग ओझं कशाला?"

बायको शेजारी शेंगा फोडत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "आवो, सकाळी मी अंगणात जाते तर नळाला हात लावू वाटत न्हाई. पाव्हण्यांना स्वेटर आनायला सांगा की."

"शास्त्रीय माहिती दिलीय मी त्यांना."

"शास्त्रानं गुडघं शेकत्यात का?" ती म्हणाली.

पाहुणे आले ते दुपारी दोनला. ऊन कडक होतं. नवऱ्या मुलाचे वडील अर्ध्या बाह्यांच्या पातळ शर्टात गाडीतून उतरले, त्यांच्या पत्नी सुती साडीत. मुलगा आणि आमची लेक दुसऱ्या दिवशी पुण्याहून येणार होते. व्याही अंगणात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "अगदी आमच्यासारखंच आहे की!"

मी बायकोकडे बघितलं. विजयी माणूस बघतो तसा. ती पाणी आणायला आत गेली.

संध्याकाळी जेवणं लवकर झाली. पाहुण्यांना पुढची खोली दिली होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, खिडक्यांना नवे पडदे. दोन चादरी घडी करून ठेवल्या होत्या. मी माझ्या रजईत शिरलो आणि मला जी झोप लागली ती थेट पहाटे भांड्यांच्या आवाजानं मोडली.

स्वयंपाकघरात गेलो तर समोरचं दृश्य मी कधी विसरणार नाही. गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटवलेल्या. त्यांच्यापुढं एका पाटावर विहीणबाई, अंगावर आमची दोन घोंगडी, त्यावर दिवाणची चादर. शेजारी व्याही. त्यांनी माझी कानटोपी घातली होती, गळ्याला बायकोची शाल होती आणि पायांत माझे शाळेच्या क्रीडादिनाचे बूट. दोघांच्या हातात चहाचे पेले, आणि पेले बशांवर कडकड वाजत होते. तोच तो भांड्यांचा आवाज.

बायको माझ्याकडे न बघता आलं ठेचत होती. तेवढ्यावरूनच मला कळलं की आपलं काही खरं नाही.

"सर," व्याह्यांनी विचारलं. त्यांचा स्वर खरोखरच शांत होता. "तुमच्या त्या सरासरीत ही वेळ धरलेली असते का हो?"

या क्षणी कुठल्याही शहाण्या माणसानं माफी मागितली असती. मी म्हणालो, "धरलेली असते ना. त्याचं काय आहे, दिवसाचं कमाल तीस आणि पहाटेचं किमान दहा-बारा, यांची बेरीज करून त्याला दोननं..."

"आता गप ऱ्हावा," बायको म्हणाली, "आन् चहा गाळा."

मी चहा गाळला. विहीणबाईंना पाटावरून उठता येईना. गुडघे आखडले होते. मी हात द्यायला पुढं झालो तर त्या म्हणाल्या, "राहू दे हो, इथेच बरं आहे," आणि हसल्या. त्या हसल्या याचंच मला जास्त वाईट वाटलं. बर्फाच्या कारखान्याचा मालक आयुष्यभर बर्फाच्या लाद्या ढकलत आला आणि आमच्या पत्र्याखाली एका रात्रीत गारठून गेला, ही गोष्ट पुढं सगळ्या तालुक्यात पसरली. सांगणारा अर्थात माझा थोरला भाऊ.

तो शेतात राहतो. सकाळी नवाला आम्ही सगळे त्याच्याकडे हुरड्याला गेलो तेव्हा वारा सुटला होता. जमिनीत खड्डा करून त्यानं गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसत होता. पाहुणे आगटीच्या इतके जवळ जाऊन बसले की कणसं फिरवायला त्याला जागा राहिली नाही.

"पाव्हणं, जरा मागं सरा, न्हाईतर तुमचाच हुरडा व्हायचा," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मास्तर, आरं थंडीचं सांगितलं न्हवतंस व्हय यांला?"

"सांगितलं होतं," व्याही माझ्या आधी बोलले. "पण सरासरी काढून."

भावाला सरासरी म्हणजे काय हे मी कधीतरी समजावलं होतं. त्यानं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, हिरवे दाणे पाहुण्यांच्या तळहातावर ठेवले. "ह्यो लहानपणापासून असाच हाय," तो म्हणाला. "इहिरीत किती पानी हाय म्हनून पुस्तकात बघणारा."

वहिनीनं आगटीतली तापलेली वाळू फडक्यात बांधून विहीणबाईंचे गुडघे शेकले. दहाच्या सुमाराला ऊन अंगावर आलं, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि हुरडा पोटात गेला, तोवर मुलगा आणि आमची लेकही येऊन पोचले. मुलगा उंच, लाजरा. आल्या आल्या त्यानं आपलं जाकीट काढून आईच्या पाठीवर टाकलं. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिथं मिळालं.

भावानं विचारलं, "मंग लगीन कधी धरायचं?"

"उन्हाळ्यात," व्याही म्हणाले. "आणि आमच्या गावी. हे दोन सोडून बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं."

मे महिना ठरला. आता वाटलं, आपली पाळी. वऱ्हाडाच्या पन्नास-साठ जणांना मी घरोघर जाऊन सांगितलं, इथं चाळीस-बेचाळीसमध्ये होरपळताय, तिथं तीस. थंड हवेच्या ठिकाणी चाललोय समजा. इतकंच करून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी स्वतःसाठी नगरला जाऊन सूट शिवून घेतला. कोट, आतून जाकीट, पूर्ण अस्तर. शिंप्यानं विचारलं, "मेमध्ये घालणार?" मी त्यालाही सरासरी सांगितली. त्यानं माप घेऊन टाकलं.

घाट उतरेपर्यंत सगळं माझ्या बाजूनं होतं. खाली उतरल्यावर बसच्या खिडकीतून येणारा वारा बदलला. ओल्या टॉवेलनं कुणी तोंड पुसावं तसा तो लागत होता. कार्यालयात पोचलो, आंघोळ केली, अंग पुसलं. पुसलं तरी ओलंच. पुन्हा पुसलं. भाऊ बनियनवर खुर्चीत बसला होता, त्याच्या कोपरातून थेंब पडत होते.

"मास्तर, तीस म्हणालास ना? आरं हितं तर नुसतं बसलं तरी आंघुळ व्हतीया."

सागरी हवेत बाष्पाचं प्रमाण अधिक असल्याने घाम लवकर वाळत नाही. हे वाक्य मी दरवर्षी मुलांना लिहून देतो आणि खाली रेघ मारायला लावतो. परीक्षेत ते दोन मार्कांना येतं. ते वाक्य माझ्या पाठीवरून, छातीवरून, जाकिटाच्या आतून वाहायला लागलं तेव्हा कुठं मला कळलं की मी काय शिकवत होतो.

कोट काढावा असं मला सात जणांनी सांगितलं. मी काढला नाही. गावभर तीस-तीस करत फिरलेला माणूस बनियनवर कसा येणार? मुहूर्त पावणेबाराचा होता. मुलगी नटून बाहेर आली, मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हणालो, "उत्तम," आणि मला तिच्या दोन मुंडावळ्यांच्या जागी चार दिसल्या.

पुढचं मला तुटक आठवतं. कुणीतरी खांद्याला धरलं. व्याह्यांचा आवाज आला, "इथे नको, गर्दी आहे, माझ्याबरोबर चला." कार्यालयाच्या मागची गल्ली ओलांडली की त्यांचा कारखाना होता. त्यांनी मला आत नेलं, कोट काढला, जाकीट काढलं, शर्टाची बटणं सोडली आणि गोणपाट टाकून बर्फाच्या लाद्यांशेजारी बसवलं. एका फडक्यात बर्फाचा चुरा बांधून माझ्या डोक्यावर धरला. मग कोकमाचं सरबत पाजलं, मीठ घालून. आत अंधारी गार हवा होती आणि यंत्राची घरघर.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "मुलाचं लग्न आहे."

"आणि तुम्हाला असं सोडून जाऊ? तिथे हजार माणसं आहेत अक्षता टाकायला."

तेवढ्यात कार्यालयाच्या कर्ण्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. मी उठायला गेलो, व्याह्यांनी खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं. बावीस वर्षं ज्या गावाचा तक्ता शिकवला, त्या गावात, माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न भिंतीपलीकडे लागत होतं आणि मी उघड्या छातीनं गोणपाटावर बसलो होतो. मला रडू आलं. घामात आणि बर्फाच्या पाण्यात ते कुणाला दिसलं नसतं, पण व्याह्यांना दिसलं. त्यांनी आपल्या खिशातल्या अक्षता काढल्या, अर्ध्या माझ्या हातात ठेवल्या.

सावधान झालं की आम्ही दोघं समोरच्या लादीवर अक्षता टाकायचो. दुसरं काय करणार? पिवळे दाणे बर्फाला चिकटून बसले. शेवटचं शुभमंगल झालं, वाजंत्री वाजली, बाहेर फटाके फुटले. कामाला असलेला एक माणूस आकडा घेऊन लादी ओढायला आला, आमच्याकडे बघितलं, अक्षतांकडे बघितलं आणि दुसरी लादी घेऊन गेला.

कन्यादानाला मी हजर होतो. भावाचा सुती सदरा घालून, जो मला दोन्ही खांद्यांवरून उतरत होता. सगळ्या फोटोंत मी तसाच आहे. मुलीनं खालच्या आवाजात विचारलं, "कुठं गेला होतात?" मी म्हणालो, "कारखान्यात." ती आधी रागावली, मग सासऱ्यांचे भिजलेले गुडघे तिच्या लक्षात आले आणि तिनं माझा हात घट्ट धरला. माझा हात तेव्हाही बर्फासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्र पाहिला. मोठा होता. माझ्या मानेवर, काखेत, पाठीवर घामोळं उठलं होतं, त्यामुळे जास्त वेळ थांबता आलं नाही.

मात्र एक गोष्ट मी धरलीच नव्हती. वऱ्हाडाची बस निघायच्या वेळी माझी बायको बॅग घेऊन आलीच नाही. ती विहीणबाईंबरोबर ओसरीवर पाय सोडून बसली होती.

"मी थांबते चार दिवस," ती म्हणाली. "हे बघा की."

तिनं टाच दाखवली. आमच्याकडं बारा महिने तिच्या टाचांना भेगा असतात. हिवाळ्यात त्यातून रक्त येतं, ती मेण लावते आणि कामाला लागते. तीन दिवसांच्या दमट हवेत त्या भेगा मिटत आल्या होत्या. बोटांची कातडी मऊ पडली होती. "मला तर लई बरं वाटतंय हितं," ती म्हणाली. "घाम येतो, पर घामाला काय झालं?" इतकी वर्षं मी तिच्यासमोर त्या गावाची स्तुती केली, पण तिच्या टाचांचा विचार करून एकदाही केली नव्हती.

चार दिवसांचे बारा झाले. मी कर्जतला एकटा, दारं लावून, रोज पिठलं आणि कधी करपलेला भात. फोन केला की ती विहीणबाईंशी चाललेलं बोलणं अर्धवट सोडून यायची आणि मला ते कळायचं.

ती परत आली तेव्हा पिशवीत आमसुलं, तिरफळं आणि कुळथाचं पीठ होतं. दोन दिवसांनी तिनं राशीनच्या बाजारातून चिलापी आणवली, उजनीच्या पाण्यातली, आणि विहीणबाईंच्या हातचं शिकून आलेलं कालवण केलं. आमच्या घरात मासा क्वचितच शिजतो. मी काटा काढताना दोनदा बोट टोचून घेतलं. भाऊ जेवायला आला होता. त्यानं तीन वेळा कालवण वाढून घेतलं, ताट भाकरीनं पुसलं आणि म्हणाला, "त्या बर्फवाल्या पाव्हण्याला फोन लाव. म्हनावं, समुद्राचा मासा न्हाई, पर चिलापीला बी जमतंय."

मी फोन लावला. पलीकडून व्याही आधी नीट समजून घेत होते, चिलापी म्हणजे काय, गोड्या पाण्यातली का, तिरफळ किती घातलं. मग म्हणाले, "वहिनींना द्या." मी फोन बायकोकडे दिला. ती तिरफळाचं सांगत ओट्याकडे गेली. भावानं पाटावरच पाय पसरले, आणि मी ताटं उचलली.